मालगाडीला किती बैल लागतात?

मागे एकदा याच पत्रकात अकोला-खांडवा रेल्वेच्या नव्या वळणमार्गाबद्दल आम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर वरवट बकालच्या आठवडी बाजारात भेटलेल्या सभासदांनी आम्हाला बरेच प्रश्न विचारले. कुणी म्हणाले, "मेळघाटातून सरळ रस्ता होता, तो सोडून सोनाळा-जामोदकडून फेरा काहून?" कुणी विचारले, "सवारी गाडी येईन ते ठीक, पण मालगाडी येईन का? आपल्या मालाचं काय?" आणि एका बुजुर्ग सभासदाने तर थेटच विचारले, "इंजिनाची ताकद हजारो घोड्यांची म्हनता, मंग त्याले चढ-उताराचा काय फरक पडते बाप्पा?"

या शेवटच्या प्रश्नात पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

ज्यांनी बैलगाडीने ऊस वाहिला आहे त्यांना हा विषय शिकवायची गरज नाही. मोळ्या भरलेली गाडी सपाट वाटेने बैल हसत-खेळत ओढतात. नाला आला की गाडीवान आधी खाली उतरतो. पलीकडची चढण चढताना मागच्या गाडीचे बैल सोडून पुढे जुंपायचे, दोन माणसांनी चाकाला हात घालायचा, एकाने दगड घेऊन चाकामागे उभे राहायचे. नाल्याची चढण असते पन्नास पावले, पण गाडीत किती ऊस भरायचा हे त्या पन्नास पावलांवरूनच ठरते. बाकीचा सात-आठ किलोमीटरचा रस्ता कितीही सपाट असो, त्याला विचारतो कोण?

रेल्वेतही तेच आहे. एखाद्या मार्गावरचा जो चढ गाडीचे जास्तीत जास्त वजन ठरवतो त्याला रेल्वेवाले 'रुलिंग ग्रेडियंट' म्हणतात. आपण त्याला मार्गावरचा नाला म्हणू. शंभर मीटर पुढे जाताना एक मीटर उंची चढावी लागली तर तो 'शंभरात एक' चढ. पायी चालणाऱ्याला तो जाणवतसुद्धा नाही. सायकलवाल्याला थोडासा जाणवतो. मालगाडीचा मात्र तो जीव काढतो.

का, ते हिशेबानेच बघा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. सपाटीवर एक टन वजन सावकाश ओढायला दोन किलोच्या आसपास ओढ पुरते. रेल्वेने माल वाहणे स्वस्त पडते ते यामुळेच. पण शंभरात एक चढ लागला की त्याच टनाला आणखी दहा किलो ओढ लागते, कारण आता वजन नुसते ढकलायचे नाही, वर उचलायचेही आहे. म्हणजे दोनाचे झाले बारा. सहा पट! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला डांबरी रस्त्यावर मुळातच टनाला वीस-पंचवीस किलो ओढ लागते, त्यात दहाची भर पडली तर ट्रॅक्टर थोडा कुरकुरतो, इतकेच. रेल्वेचा जो गुण, तोच चढावर तिच्या अंगाशी येतो.

आता इंजिनाकडे येऊ. आपल्याकडे मालगाड्यांना वर्षानुवर्षे चालत आलेले 'वॅग-७' जातीचे विजेचे इंजिन पाच हजार घोड्यांचे आहे आणि त्याचे वजन १२३ टन आहे. पण घोडे कितीही असले तरी ओढ ठरते चाकाच्या पकडीवर. कोरड्या रुळावर इंजिन स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी ओढ लावू शकते, म्हणजे ढोबळमानाने ४० टन. त्यापेक्षा जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरते, जसे चिखलात ट्रॅक्टरचे मागचे चाक फिरते तसे. आपण चाकाखाली तुराट्या नाहीतर पोते टाकतो, ड्रायव्हर चाकाखाली वाळू सोडतो. इंजिनाला वाळूच्या पेट्या असतात त्या याचसाठी. पहिल्या पावसात, रूळ ओले आणि वर तेलकट धूळ, तेव्हा ही पकड आणखी घटते.

कोळसा वाहणाऱ्या उघड्या 'बॉक्स-एन' वाघिणी सगळ्यांनी शेगावला फाटकावर मोजल्या असतील. अशी एक भरलेली वाघीण जुन्या मापाने ८१ टनांच्या वर भरते. ५८ वाघिणींची गाडी म्हणजे ४,७०० टन झाले. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याच्या जवळजवळ दोन दिवसांच्या उसाइतके वजन, वाघिणींचे धरून, एका खेपेत!

ही गाडी एका इंजिनाने कोणत्या चढावर किती जाईल? दोनशेत एक चढ असेल तर ५८ च्या ५८ वाघिणी जातील. दीडशेत एक असेल तर ५५, म्हणजे दोन-तीन मागे राहतील. शंभरात एक असेल तर जेमतेम ४०. आणि सदतिसात एक असेल तर फक्त १५. हे आकडे आम्ही वर सांगितलेल्या हिशेबाने काढले आहेत. रेल्वेचे तक्ते याहून बारकाईचे असतात. ते वळणाचाही हिशेब धरतात, कारण वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि ते घासणे थोड्या चढाइतकेच महाग पडते. पण मुद्दा समजायला एवढे पुरे.

सदतिसात एक हा आकडा आम्ही उगीच घेतला नाही. मुंबईला रेल्वेने गेलेल्या प्रत्येकाने तो चढ पाहिला आहे. कसारा ते इगतपुरी, म्हणजे थळ घाट. १८६५ साली तो सुरू झाला. पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये सुमारे तीनशे मीटर चढायचे. कसाऱ्याला गाडी थांबते, मागे धक्का बसल्यासारखे होते आणि गाडी पुन्हा सुटते, ते आठवते का? तो धक्का म्हणजे मागून जोडलेली जादा इंजिने. त्यांना 'बँकर' म्हणतात. नाल्यावर मागच्या गाडीचे बैल आणून जुंपतात तोच हा प्रकार. गाडीच्या मागे लावण्याचे कारण असे की सगळी ओढ पुढून लावली तर मधल्या जोडावर, कपलिंगवर, इतका ताण येतो की गाडी मधूनच तुटायची भीती असते. मागून ढकलले की ताण वाटला जातो. आणि चुकून तुटलीच, तर मागचे डबे घाटात सुटत नाहीत, इंजिन त्यांना धरून ठेवते. दगड घेऊन चाकामागे उभा राहणारा माणूस आठवा.

पुण्याच्या बाजूला भोर घाट, १८६३ सालचा. चढ तोच, सदतिसात एक. तिथे तर पहिली साठ-पासष्ट वर्षे गाडी डोंगराच्या टोकावर जाऊन उलटी फिरवावी लागे. इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, मग पुढे चालायचे.

उतरतानाची गोष्ट आणखी वेगळी आहे. नवख्याला वाटते, चढताना त्रास, उतरताना मजा. ऊस भरलेली ट्रॉली नाल्यात उतरवताना कोणाच्या छातीत धडधड होत नाही ते सांगा! हजारो टन वजन तीनशे मीटर खाली येते तेव्हा त्याची सगळी शक्ती ब्रेकने खायची असते. ब्रेकचे ठोकळे तापतात आणि फार तापले की धरत नाहीत. म्हणून घाट उतरताना मालगाडीला सवारी गाडीपेक्षा पुष्कळ कमी वेग दिलेला असतो, ताशी तीस किलोमीटरच्या घरात. तरीही गाडी हाताबाहेर गेलीच तर तिच्यासाठी घाटात चढावर जाणारे फाटे बांधले आहेत, त्यांना 'कॅच सायडिंग' म्हणतात. सुटलेली गाडी त्या फाट्यावर चढून आपोआप थांबावी अशी योजना. नवीन तीन-फेजची इंजिने उतरताना मोटारीचाच ब्रेक करून वीज परत तारेत सोडतात, ही सुधारणा खरोखर वाखाणण्यासारखी आहे. पण वेगाची मर्यादा त्यामुळे उठत नाही.

आता घाट सोडून आपल्या सपाटीवर येऊ. कारण सपाटीवर चढ नसला तरी दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे वेगबंदी.

भरलेली मालगाडी चांगल्या रुळावर ताशी ७५ किलोमीटरपर्यंत जाते. पण कुठे पूल जुना, कुठे वळण आवळ, कुठे रूळ नुकतेच बदललेले, कुठे भराव खचलेला, अशा जागी 'ताशी ३०' किंवा त्याहून कमी वेगाची पाटी लागते. ड्रायव्हरला सुटण्याआधी कागदावर लिहून देतात, त्याला 'कॉशन ऑर्डर' म्हणतात. समजा एकच किलोमीटर अशी बंदी आहे. आपण म्हणू, एका किलोमीटरने काय बिघडते? पण गाडी असते साडेसहाशे मीटर लांब. शेवटचा डबा बंदीच्या बाहेर पडेपर्यंत इंजिनाला वेग वाढवता येत नाही, म्हणून एकाचे पावणेदोन किलोमीटर होतात. त्याआधी वेग कमी करायला वेळ जातो, आणि नंतर पुन्हा ७५ गाठायला पाच-सहा किलोमीटर जातात. एकूण पाचेक मिनिटांचा फटका.

शक्तीचा हिशेब करा म्हणजे डोळे उघडतील. ४,७०० टनांची गाडी तीसवरून पुन्हा पंचाहत्तरवर न्यायला सुमारे २४० युनिट वीज लागते. विहिरीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप तेवढ्या विजेवर साठ-पासष्ट तास चालेल! एका गाडीची, एका पाटीपायी, एवढी वीज. आपल्याकडे रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये पाणी देताना विंचू-काट्याचे भय घेऊन उभे राहिलेल्या माणसाला या आकड्याची किंमत कळेल.

आणि खरी गंमत, म्हणजे खरे दुखणे, पुढेच आहे. चढ आणि वेगबंदी एकत्र आली की काय होते?

भरधाव गाडीत चढण चढण्याची शक्ती साठलेली असते. सायकलवर आपण लांबूनच जोर धरतो आणि त्या झोकात पुलाची चढण पार करतो, तसेच. ताशी ७५ ने धावणाऱ्या गाडीतली शक्ती तिला इंजिन बंद असले तरी सुमारे बावीस मीटर उंच नेण्याइतकी असते. ताशी ३० ला ती उरते फक्त साडेतीन मीटर. वेग अडीचपट कमी झाला की शक्ती सहापट कमी होते, सरळ प्रमाणात नाही, हे लक्षात घ्यावे.

आता धरा, एका नदीच्या पुलाच्या पुढे दीड किलोमीटर लांबीचा शंभरात एक चढ आहे, म्हणजे पंधरा मीटर उंची. वर आम्ही म्हटले की एक इंजिन अशा चढावर ४० च वाघिणी नेईल. पण गाडी ७५ च्या झोकात आली तर ५८ वाघिणी घेऊन सुद्धा ती वर पोचते, आणि पोचताना तिचा वेग पन्नासच्या आसपास असतो. इंजिनाने काही ओढले, झोकाने काही ओढले. आता त्याच पुलावर कुणीतरी ताशी ३० ची पाटी लावली. सगळी गाडी चढावर आहे असे धरले तर हीच गाडी, हेच इंजिन, चढाच्या दोन तृतीयांशावर येऊन उभे राहते. मग एक तर मागून दुसरे इंजिन मागवा, नाहीतर गाडी तोडून दोन तुकड्यांत वर न्या. तोवर मागच्या सगळ्या गाड्या उभ्या. म्हणून रेल्वेचा जाणकार इंजिनिअर चढाच्या पायथ्याशी वेगबंदी टाळतो, आणि पायथ्याशी सिग्नलही शक्य तो ठेवत नाही.

देशातल्या मालगाड्यांचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास रेंगाळत राहिला. कित्येकांना वाटते इंजिने कमजोर असतील. तसे नाही. बाजूला उभे राहून सवारी गाडीला वाट देणे, पाट्या आणि चढ, यांत तो वेग खर्ची पडतो. म्हणूनच फक्त मालगाड्यांसाठी जे नवे मार्ग बांधले, त्यात दोनशेत एकपेक्षा जास्त चढ ठेवायचा नाही असे आधीच ठरवून टाकले. डोंगर आला तर कापायचा, दरी आली तर भरायची, पण चढ वाढवायचा नाही. स्वित्झर्लंडसारख्या देशाने तर १८८२ पासून चालू असलेला गॉटहार्डचा डोंगरी मार्ग, ज्याचा चढ जवळपास आपल्या कसाऱ्याइतकाच होता, त्याच्या पायथ्यातून ५७ किलोमीटरचा बोगदा खोदला आणि २०१६ साली त्यातून सपाट मार्ग सुरू केला. कशासाठी? जड मालगाडी जादा इंजिनाशिवाय जावी यासाठी.

आता आपल्या गाडीकडे. अकोला-खांडवा ही मीटरगेज लाईन स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास पुरी झाली. हिवरखेड, वान रोड करत ती मेळघाटात शिरायची आणि धुळघाटला डोंगर चढण्यासाठी स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून पुढे जायची. ज्यांनी मीनाक्षी एक्सप्रेसने प्रवास केला ते अजूनही सांगतात, खिडकीतून खाली बघितले की आपण आत्ता आलो तोच रूळ दिसायचा. पोरे टाळ्या वाजवायची. तो वळसा शोभेसाठी नव्हता. थोड्या जागेत जास्त उंची गाठायची तर वाट लांबवावी लागते, म्हणजे चढ सौम्य होतो. कपाशीच्या गोणीखाली हमाल ट्रकला लावलेल्या फळीवर चढतो, तेव्हा फळी जितकी लांब तितका त्याचा दम कमी जातो. धुळघाट म्हणजे ती लांब फळी गुंडाळून ठेवलेली.

१ जानेवारी २०१७ ला ही गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या अखेरीस गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढे मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्प आला. तो देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, १९७३-७४ सालचा. जंगलातून जुन्याच वाटेने न्यावी की बाहेरून, यावर वर्षानुवर्षे वाद चालला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, २०२१ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना मार्ग वळवण्याबद्दल पत्र लिहिले, आणि शेवटी हिवरखेडपासून सोनाळा, जामोदकडून तुकईथडला नेण्याचा मार्ग पुढे आला. तो जुन्यापेक्षा पंचवीस-तीस किलोमीटर लांब आहे.

त्या फेऱ्यावरच आमच्या सभासदांचा राग आहे. पण वरचा हिशेब लावून पाहा. तीस किलोमीटरचा सपाट फेरा म्हणजे मालगाडीला पाऊण तासापेक्षा कमी वेळ. एक बँकर लावायला, काढायला आणि रिकामा परत आणायला याहून जास्त वेळ जातो. वाघांच्या प्रश्नाचा निकाल जाणकारांनी दिला आहे, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. जंगलात रात्री वेग आवळावा लागतो, हे मात्र कोणीही मान्य करील. आणि वेग आवळला की झोक गेला. उरला चढ.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सोनाळ्याकडून गेले म्हणून सातपुडा टळत नाही. खांडव्याला जायचे तर कुठेतरी तो ओलांडावाच लागणार. तेव्हा प्रश्न रस्ता लांब की आखूड हा नाही. नव्या मार्गाचा सर्वात अवघड चढ किती ठेवणार, हे विचारले पाहिजे. दीडशेत एक ठेवला तर ५५ वाघिणींची गाडी एका इंजिनाने निघेल, शंभरात एक ठेवला तर प्रत्येक मालगाडीला दोन इंजिने. मग मालगाड्या भुसावळच्या जुन्या मार्गानेच जातील आणि आपल्या दारातून फक्त सवारी गाड्या धावतील. असे अनेक ठिकाणी झाले आहे. आपल्या जिल्ह्यात घाटाखाली आणि घाटावर यांच्यात उंचीचा फरक तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर थळ घाटाइतका. तो शंभरात एकने चढायचा तर तीस किलोमीटर लांबी हवी. खामगावला १८७० साली कापसासाठी जलंबहून रेल्वे आली, ती तिथेच का थांबली, हे घाटाकडे पाहिले की कळते.

दुसरी गोष्ट काळ्या जमिनीची. आपली जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसाळ्यात फुगते. रेल्वेचा भराव याच मातीवर नुसता टाकला तर रुळाखालची खडी मातीत बसते, रूळ वाकडे होतात आणि मग ताशी ३० ची पाटी कायमची लागते. म्हणून भरावावर मुरुम-वाळूचा जाड थर द्यावा लागतो. काम चालू होईल तेव्हा हा थर पडतो की नाही, हे शेतातून पाहणारे आपणच असणार.

तिसरी आणि आपल्या कामाची गोष्ट मालधक्क्याची. साखर, मळी, कापूस, केळी, काहीही गाडीत भरायचे तर पूर्ण गाडी उभी राहील असा सपाट फाटा लागतो. रेल्वेच्या नियमाने स्टेशनाच्या आवारात चारशेत एकपेक्षा जास्त चढ चालत नाही, आणि शक्यतो बाराशेत एकपेक्षाही सपाट जागा पाहतात, नाहीतर सोडलेली वाघीण आपोआप घरंगळते. अशी साडेसातशे मीटर लांब, सपाट, पावसात न बुडणारी जागा डोंगराच्या पायथ्याला सहज सापडत नाही. स्टेशन मंजूर झाल्यावर जागा शोधू म्हणणाऱ्यांना मग फक्त सवारी गाडीचा फलाट मिळतो.

म्हणून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील ज्या सभासदांच्या जमिनी नव्या मार्गाच्या आसपास आहेत त्यांनी मोजणीवाले आले तर तीन गोष्टी विचाराव्यात: इथला चढ कितीत एक, स्टेशनच्या फाट्याची लांबी किती, आणि नाल्यांवरच्या मोऱ्या किती व केवढ्या. उत्तर मिळाले तर कागदावर लिहून कारखान्याच्या शेतकी विभागात आणून द्यावे. येताना सातबारा सोबत आणावा, म्हणजे गट नंबर नकाशाशी जुळवून पाहता येतील.